कुठला पाना, ते नंदकिशोरला विचारा

नंदकिशोर येत्या रविवारी स्वतःच्या हाताने नळ दुरुस्त करणार होता, आणि सुनीतीबाईंना गेल्या रविवारपासून अन्न गोड लागत नव्हतं.

लोकांच्या मुलांच्या काळज्या कशा ठसठशीत असतात. कुणाचा पत्ते कुटतो, कुणाचा उधळ्या, कुणाचा आखातात गेला तो पत्रच पाठवत नाही. चार बायकांत बसून सांगता तरी येतं, डोळ्यांना पदर लावता येतो. माझ्या मुलाने पाना हातात घेतलाय म्हणून माझा जीव वरखाली होतोय, हे कुणाला सांगायचं? तेही तो मुलगा सात वर्षं पान्यांच्याच खात्यात नोकरीला असताना?

पण खरं होतं ते असं. अठ्ठावीस वर्षांचा नंदकिशोर वाशीच्या घरापासून जवळच, पावणे गावच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात हत्यारांच्या स्टोअरवर होता. पाने, पकडी, कानशी, हातोड्या, ड्रिलचे दात, सगळ्यांची नावं, मापं, जन्मगाव आणि स्वभाव त्याला पाठ. नुसतं वजन हातावर तोलून तो सांगायचा की ह्या पान्याचं पोलाद कच्चं आहे. फक्त त्यातल्या एकाही हत्याराने त्याने आजवर काही घट्ट किंवा सैल केलं नव्हतं. केलं होतं तेव्हा काय झालं ते सुनीतीबाईंना चांगलं आठवत होतं.

तो बारा वर्षांचा असताना गिरगावच्या खोलीत त्याने कॅलेंडरसाठी खिळा ठोकला. खिळा भिंतीत गेला तो थांबेचना. पलीकडच्या बिऱ्हाडात देवांच्या डोक्यावर निघाला, आणि त्या बाईंनी तो दृष्टान्त समजून दोन दिवस त्याला हळदकुंकू वाहिलं. पुढे कारखान्यात उमेदवारीला लागल्यावर पहिल्या आठवड्यात त्याने एक बोल्ट इतका आवळला की त्याचं डोकंच हातात आलं. फोरमन म्हणाला, जरा हलक्या हाताने. दुसऱ्या आठवड्यात त्याने मशीनची जाळी इतक्या हलक्या हाताने बसवली की ती थेट फोरमनच्या डब्यावर पडली, आणि डब्यात त्या दिवशी पुरणपोळी होती. फोरमनने दोन्ही हात जोडले. "बाबा रे, तू हत्यारांना हात लाव, पण फक्त उचलून देण्यापुरता."

आणि तिथे, त्या स्टोअरच्या जाळीच्या खिडकीमागे, नंदकिशोर फुलला.

ती खिडकी म्हणजे एक राज्य होतं. प्रत्येक कामगाराकडे त्याच्या नंबराची पितळी टोकनं. टोकन द्यायचं, हत्यार न्यायचं. हत्यार ज्या खिळ्याला असे त्या खिळ्यावर ते टोकन लटकायचं. संध्याकाळी हत्यार परत आलं की टोकन परत. कुठलं हत्यार कुणाच्या हातात आहे, ते भिंतीकडे पाहून कळावं. आधीचा स्टोअरकीपर डोळे मिटून टोकनं घ्यायचा. नंदकिशोरने एक नवीनच प्रश्न सुरू केला, "कशासाठी?"

"अरे, तुला काय करायचंय? चौदाचा पाना मागितला, चौदाचा दे," कामगार चिडायचे.

"कशासाठी ते सांगा. मागच्या गिअरबॉक्ससाठी असेल तर त्याचे नट तेराचे आहेत. चौदाचा लावाल तर कडा खाल्ल्या जातील, मग छिन्नी मागायला याल. छिन्नी आज बाहेर गेलीय."

पहिलं वर्षभर लोक कुरकुरले. दुसऱ्या वर्षी गप्प झाले. तिसऱ्या वर्षी खिडकीशी येऊन हत्याराचं नाव घेणंच त्यांनी सोडलं. दवाखान्यात यावं तसे यायचे. "नंदू, पंपाच्या मागचा नट आहे, हात पोचत नाही, वरून गंजलाय." नंदकिशोर डोळे मिटायचा, मागे जायचा आणि जे आणून द्यायचा ते बरोबर असायचं. सुनीतीबाई बी. ए. झालेल्या होत्या, तर्कशास्त्र घेऊन. पण हातात कला नाही आणि डोळ्यांत मात्र आहे, ह्याचा उलगडा त्यांना कुठल्याच प्रमेयाने झाला नव्हता.

त्या खिडकीवर एक दिवस ऑफिसातली टायपिस्ट आली. जयमाला तिचं नाव.

"एक स्क्रू ड्रायव्हर द्या. मोठा."

"कशासाठी?"

"टाइपरायटरच्या डोक्यात घालायला. सकाळपासून एक कळ अडकतेय."

नंदकिशोरने भिंतीवरचा सर्वांत लहान, घड्याळजीच्या हातात शोभेलसा स्क्रू ड्रायव्हर काढला. "कळीच्या बाजूचा स्क्रू असणार. मोठा लावाल तर त्याची खाच जाईल. टोकन?"

"आम्हां ऑफिसवाल्यांना कुठे असतात टोकनं?"

"मग हत्यारही नसतं."

जयमालाने त्याच्याकडे पाहिलं. मग केसांतली लाल पिन काढली आणि खिडकीत ठेवली. "हे माझं टोकन. नंबर वाचता येतोय का बघा."

नियम म्हणजे नियम. नंदकिशोरने ती पिन खिळ्याला लावली. ओळीने पितळी टोकनं आणि मध्ये एक लाल पिन. कारखान्यात त्या दुपारी कधी नव्हे इतकी हत्यारं लागली. ज्याला पाना धरायचा कसा माहीत नाही असा कॅन्टीनचा माणूससुद्धा खिडकीत येऊन "एक कानस द्या, कांदे तासायला" म्हणून पिन बघून गेला.

रात्री जेवताना नंदकिशोर गंभीरपणे म्हणाला, "आई, आज मी नियम मोडला." सुनीतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि नवऱ्याच्या फोटोकडे पाहून मनातल्या मनात म्हणाल्या, अहो, मुलगा मार्गी लागला.

तिथपर्यंत सगळं छान होतं. मग गेला रविवार आला.

जयमालाचे वडील वामनराव टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन वाशीतच, चार सेक्टर पलीकडे राहत होते. मुलीच्या निवडीला त्यांचा विरोध नव्हता. फक्त मुलगा बघायचा होता. चहा झाला, चिवडा झाला, नंदकिशोर हात धुवायला म्हणून मोरीकडे गेला आणि परतच आला नाही. पाच मिनिटं गेली. सगळे उठून पाहायला गेले, तर तो नळासमोर उकिडवा बसून, मान तिरकी करून, डॉक्टर जिभेकडे बघतात तसा नळाकडे बघत होता.

त्या नळाला एक चिंधी बांधलेली होती. दोन वर्षं नळ गळत होता. थेंबांचा टपटप आवाज होऊ नये म्हणून पाणी चिंधीवरून घरंगळून गुपचूप बादलीत जायचं.

"ह्याला सांडशी लावलीय," नंदकिशोर म्हणाला.

वामनराव दचकले. "कोण म्हणतं?"

"नटावर हे दोन गोल वण आहेत ना, ते सांडशीचे. हे बारीक दात पकडीचे. पण हा तिसरा वण मला लागत नाहीये." त्याने बोट फिरवलं. "एका बाजूला धार, दुसऱ्या बाजूला बोथट..." मग त्याचा चेहरा उजळला. "अडकित्ता!"

"बघा!" जयमालाची आई केवढ्याने तरी ओरडली. "दोन वर्षं मी म्हणतेय, माझा अडकित्ता सुपारी कातरत नाही, चावतो! आणि हे म्हणतात, तुझ्या सुपाऱ्याच ओल्या!"

"बाबा, आता कबूल करा," जयमाला हसून हसून भिंतीला टेकली होती.

वामनराव मुळीच ओशाळले नाहीत. उलट त्यांना मुलगा फारच आवडला. हॉलमध्ये परत आल्यावर त्यांनी आपली सारी व्यथा मांडली. "अहो, प्लंबर बोलावला नाही असं नाही. तीन आले. पहिला आला, पाइपला हात लावला, चहा प्याला आणि 'पार्ट मुंबईहून आणायला लागेल' म्हणून गेला तो गेलाच. दुसऱ्याने नुसती मान हलवली, जसा काही नळ चार दिवसांचा सोबती आहे. तिसरा म्हणाला, काका, हे आधी कुणी बिघडवलंय? मी त्याला तिथूनच परत पाठवला. त्या दिवशी ठरवलं, माझ्या घरात पुन्हा प्लंबर नाही. माणसाला देवाने हात कशाला दिलेत? मी एकच अट धरून बसलोय सुनीतीताई, जावई स्वतःच्या हाताने काम करणारा हवा. बाकी हुंडापांडा, मानपान, काही नाही. आणि तुमचा मुलगा म्हणजे तर..." त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "अहो, अडकित्ता ओळखला!"

मग ते नंदकिशोरकडे वळले. "येत्या रविवारी या. तुमच्या हाताने नळ करून टाका, आणि तिथल्या तिथे तारीख काढू. काय?"

"करतो," नंदकिशोर म्हणाला.

जयमालाच्या हातातली कपबशी किणकिणली. सुनीतीबाईंनी पाहिलं. त्या मुलीला माहीत होतं. खिडकीपलीकडे हा मुलगा काय आहे आणि काय नाही, ते तिला सगळं माहीत होतं.

घरी येताना सुनीतीबाई रस्त्यात थांबल्या. "अरे, 'करतो' काय म्हणालास?"

"तोंडातून गेलं, आई."

"मग सांग त्यांना, चुकून गेलं."

"कसं सांगू? त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं."

सुनीतीबाईंनी सोमवारचा दिवस काळजीत घालवला आणि मंगळवारी तर्कशास्त्राकडे वळल्या. नळ तो नळ. वामनरावांकडचा काय आणि आपल्या स्वयंपाकघरातला काय. आधी इथे हात बसवायचा, मग तिथे जायचं. नंदकिशोरलाही ते पटलं. त्याने साहेबांची रीतसर सही घेतली, आपल्याच खिडकीसमोर उभं राहून स्वतःला टोकन दिलं आणि एक दहा इंची स्क्रू पाना घरी आणला. संध्याकाळी त्याने ओट्यावर वर्तमानपत्र अंथरलं, त्यावर स्वच्छ फडका, फडक्यावर पाना, शेजारी नवीन वायसर, सांध्याला लावायचा दोरा, सफेदा. आणि मग म्हणाला, "पाना बरोबर आहे. पाइप पाना आणला असता तर त्याच्या दातांनी नळावरचं पॉलिश गेलं असतं."

"छान. आता फिरव."

नंदकिशोरने पाना नटाला लावला. फटीत केस जाईल तर शपथ, असा बसला. आणि तो थांबला.

"काय झालं?"

"कुठल्या बाजूला फिरवायचा?"

"अरे! सात वर्षं..."

"आई, हा प्रश्न खिडकीत कधी आलाच नाही."

"बरणीचं झाकण उघडतोस तसा."

"बरणी तूच उघडून देतेस."

हे खरं होतं. सुनीतीबाईंनी लोणच्याची बरणी काढून प्रात्यक्षिक दाखवलं. नंदकिशोरने ते तीनदा निरखून पाहिलं, खिशातल्या कागदावर बाण काढून घेतला, आणि जोर लावला. नट हलला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सुनीतीबाईंना तर तो पहिलं पाऊल टाकताना पाहिला होता तसा आनंद झाला. नंदकिशोरने आणखी फिरवला, आणखी, आणखी, आणि मग नळाचा वरचा भाग बंदुकीतून सुटल्यासारखा छताला जाऊन आदळला, आणि खालून माणूसभर उंचीचं कारंजं उठलं.

"अंगठा लाव!" सुनीतीबाई किंचाळल्या. नंदकिशोरने अंगठा लावला. त्यामुळे कारंजं उभं होतं ते आडवं झालं आणि डाळीचे डबे, नवऱ्याचा फोटो आणि स्वतः सुनीतीबाई ह्यांना एका दमात धुऊन गेलं. त्यांनी पोळ्यांचा तवा ढालीसारखा पुढे धरला आणि तशाच गॅलरीत धावल्या.

समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक माणूस पाइपला मिठी मारून लोंबकळत होता. तो शिवा. कोपरखैरण्याच्या गावठाणातला, तिशीचा, आसपासच्या सगळ्या इमारतींचा प्लंबर.

"अहो! इकडे या! नळ फुटला!"

शिवाने लोंबकळत्या अवस्थेतच विचारलं, "मावशी, पानी बंद केलंत काय पयलं?"

"कसं बंद करायचं?"

"माल्यावर कॉक हाय तो फिरवा!"

आतून नंदकिशोरचा आवाज आला, अंगठ्यामागून, पण अजूनही स्टोअरकीपरचा. "पाऊण इंची गेट वॉल्व्ह, आई! पितळी!"

"आरं बाबा, त्याचा नाव नको सांगू, बंद कर!" शिवा ओरडला.

पण माळ्यापर्यंत पोचायचं तर नळावरचा अंगठा काढायला लागणार, आणि सुनीतीबाईंना शिडीची भीती. शेवटी शिवा आला, भिजत माळ्यावर चढला, कॉक बंद केला, आणि घरात अचानक इतकी शांतता पसरली की डब्यांवरून ठिबकणारं पाणी ऐकू येऊ लागलं. नंदकिशोरचा अंगठा मनुकेसारखा झाला होता. पंचवीस मिनिटं त्याने तो हलवला नव्हता.

शिवाने छताला आपटून पडलेला नळाचा भाग शोधला, वायसर बसवला, दोरा गुंडाळला. पाच मिनिटांत नळ पूर्ववत. सगळं काम त्याने एकाच हत्याराने केलं, एक अवाढव्य पाइप पाना, ज्याचे दात पार झिजलेले होते आणि दांड्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली होती. वामनरावांच्या नळासारखी त्याच्या मनगटालाही एक चिंधी बांधलेली होती.

"मावशी, राग नका मानू," तो हात पुसत पुसत म्हणाला. "दुकानात पाना मिलतो, हात नाय मिलत."

सुनीतीबाईंना ते लागलं. पण नंदकिशोर ऐकतच नव्हता. तो शिवाच्या पान्याकडे बघत होता, आणि हळूहळू त्याचा चेहरा खिडकीतल्यासारखा झाला.

"हा अठरा इंची आहे," तो म्हणाला. "घरातल्या अर्ध्या इंची पाइपला दहा इंची पुरतो. आणि ह्याचे दात गेलेत. दात गेले की पाना घसरतो, घसरू नये म्हणून तुम्ही वळवताना आवळून धरता. तुमचं मनगट दुखत असणार. इथे, अंगठ्याच्या बाजूने."

शिवाने चिंधी बांधलेला हात मागे घेतला. "तुमाला कसा कलला?"

"कधीपासून?"

"दोन वरसं झाली. रातचा झोप नाय लागत. डाक्टर बोलला, काम सोड." शिवाचा आवाज खाली आला. "काम सोडून काय खानार? ह्या नव्या शहरापायी आमची शेती गेली, मिठागर गेला, ह्यो एकच धंदा हाय."

बुधवारी संध्याकाळी नंदकिशोर त्याला घेऊन वाशीच्या मार्केटमध्ये हत्यारांच्या दुकानात गेला. दुकानदाराने पहिला पाना पुढे केला. नंदकिशोरने तो कानाशी नेऊन उघडझाप केली आणि बाजूला ठेवला. दुसरा. तिसरा. एकाचा जबडा डुलत होता, एकाच्या दातांना पाणी बरोबर दिलेलं नव्हतं. अकराव्या पान्याला दुकानदार म्हणाला, "साहेब, पाना घेताय की बायको?" सतराव्याच्या जबड्यात नंदकिशोरने बसचं तिकीट धरलं आणि ओढून पाहिलं. तिकीट फाटलं, पण निसटलं नाही. "हा," तो म्हणाला.

शुक्रवारी संध्याकाळी दार वाजलं. शिवा उभा होता. मनगटाला चिंधी नव्हती. हातात एक ओली पिशवी होती आणि पिशवी आपोआप हलत होती.

"मावशी, दोन राती झोपलो," तो म्हणाला. "घरवाली बोलते, कोन देवमानूस भेटला. तिनंच पाठवलंय." आणि त्याने पिशवी ओट्यावर ठेवली, तिच्यातून चार जिवंत खेकडे बाहेर आले आणि चार दिशांना निघाले.

पुढचा अर्धा तास घरात जे चाललं ते लिहिण्यात अर्थ नाही. एक खेकडा फ्रिजखाली गेला. नंदकिशोर "चिमटा कुठला वापरायचा, लांब तोंडाचा की आखूड," असा विचार करत उभा राहिला आणि शिवाने चारही खेकडे नुसत्या हातांनी पकडले. हसून हसून तिघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. मग चहा झाला, आणि चहाबरोबर सुनीतीबाईंनी, कसं कोण जाणे, रविवारची सगळी गोष्ट शिवाला सांगून टाकली. चिंधीचा नळ, अडकित्ता, वामनरावांची अट, तारीख.

शिवा खुर्चीत सरसावला. "त्यात काय टेन्शन? उद्या सकालीच जातो त्यांच्याकडं. बोलतो, नलाच्या पानीचा प्रेशर तपासायला आलोय. नल असा करून ठेवतो का रविवारी दादाने नुसता हात लावला तरी टपटप बंद. कुनाला कलनार नाय!"

सुनीतीबाईंना तो मार्ग स्वर्गाच्या पायरीसारखा दिसला. "होईल?"

"दोन मिन्टांत."

"नको," नंदकिशोर म्हणाला.

दोघं त्याच्याकडे बघायला लागले.

"सात वर्षांत मी खिडकीतून खोटं हत्यार दिलं नाही. कुणाला घाई असली तरी नाही, साहेब ओरडला तरी नाही. आणि तिच्या बापाला पहिल्याच दिवशी..." त्याने अंगठ्याकडे पाहिलं. "मी जाईन. मला येतं तसं करीन. बिघडलं तर बिघडलं."

"बिघडलं तर काय होईल माहीत आहे का?"

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि उठून आत गेला.

शनिवारी सकाळी तो कामावर गेला. जाताना बरणीकडे बघून हवेत मनगट फिरवून गेला. सुनीतीबाई ओट्याशी उभ्या राहिल्या. नळ नीट चालत होता. त्यांना वाटलं, सगळं किती सरळ आहे आणि आपण चौघं जण ते वाकडं करून बसलोय. वामनरावांना वाटतं, हाताने काम येतं तो माणूस. शिवाला वाटत होतं, हात असला की पुरे, पाना कुठलाही चालतो. आणि त्यापायी तो दोन वर्षं झोपला नव्हता. कुठल्या कामाला काय लागतं आणि कुठलं काम कुणाचं, हे ज्याला कळतं, त्याची किंमत ना मुलाच्या आईने ओळखली ना मुलाने स्वतः. कारखान्यात दोनशे माणसं त्याला विचारल्याशिवाय पाना उचलत नाहीत, आणि आई त्याला बरणी उघडायला शिकवतेय!

खोटं त्याला करायचं नाही. खरं बोलायला तो लाजतो. आणि जयमालाची कपबशी किणकिणली तेव्हा ती घाबरली होती. तिला नको असतं तर ती हसली असती. मग उरलं कोण?

त्यांनी साडी बदलली, केस नीट केले, आणि शेजारच्या वैजयंतीबाईंच्या दाराची बेल वाजवली. मजल्यावर फोन त्यांच्याकडेच होता, विणलेल्या रुमालाखाली, आणि त्याच्या चकतीला एक इवलंसं कुलूप.

"या, या. मंगळवारचं पाणी आमच्या गॅलरीतसुद्धा आलं होतं बरं का," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"हो ना. त्याबद्दल नंतर. एक फोन करायचाय."

"ट्रंक कॉल?"

"छे, वाशीतल्या वाशीत. जयमालाच्या वडिलांना."

"अगंबाई! ठरलं की काय?"

"ठरेल नाहीतर मोडेल," सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांना, कसलं कोण जाणे, हसू येत होतं. "त्यांना सांगायचंय, माझ्या मुलाला नळ दुरुस्त करता येत नाही. कधीच येणार नाही. अंगठा मात्र पंचवीस मिनिटं लावून धरतो. उद्या तो येईल तेव्हा बरोबर एक प्लंबर घेऊन येईल, आणि तो प्लंबर नुसती मान हलवणारा नाही, कारण पाना त्याला माझ्या मुलाने निवडून दिलाय."

वैजयंतीबाईंना ह्यातलं एक अक्षर कळलं नाही. "पण हे मुलाला विचारलंत का?"

"त्याला विचारलं तर तो विचारेल, कशासाठी," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि हात पुढे केला. "कुलपाची किल्ली द्या आधी, धीर आहे तोवर."